दस्त्यावरचा पंजा आणि बंदुकीची वंशावळ

प्रश्न : माझी मुलगी बेलफास्टला नोकरीला आहे. जावयांना जुन्या शस्त्रांचा नाद. तिथल्या एका लिलावाच्या यादीत त्यांना 'मार्टिनी-एन्फिल्ड आर्टिलरी कार्बाइन, अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स' अशी नोंद दिसली. फोटोत लाकडी दस्त्यावर उघड्या पंजाचा छाप आहे, भोवती इंग्रजी अक्षरं. त्याच यादीत हुबेहूब तशीच, पण छाप नसलेली कार्बाइन खूपच कमी किमतीला आहे. एका छापाचे एवढे पैसे कशाला? आणि तो खरा आहे हे ओळखायचं कसं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : किमतीतला तो सगळा फरक पंजाचाच आहे, आणि म्हणूनच खोटा पंजा उमटवून देणारेही निघाले आहेत. तुम्ही विचारलंत हे बरं झालं.

उघडा तळहात, म्हणजे 'लाल हात', हे अल्स्टर प्रांताचं जुनं चिन्ह. भोवतीच्या अक्षरांत संघटनेची आद्याक्षरं आणि तिचं ब्रीद असतं : 'फॉर गॉड अँड अल्स्टर', देवासाठी आणि अल्स्टरसाठी. होमरूल म्हटलं की आपल्याला टिळक आणि बेझंटबाई आठवतात. टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली तेव्हा नाव आयर्लंडच्या चळवळीवरूनच घेतलं होतं. पण खुद्द आयर्लंडमध्ये लाखो माणसं होमरूलच्या कट्टर विरोधात होती, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. एप्रिल १९१२ मध्ये तिसरं होमरूल विधेयक ब्रिटिश पार्लमेंटात आलं. आता आपला कारभार डब्लिनमधल्या कॅथलिक बहुमताच्या हाती जाणार, या भीतीने ईशान्येकडचे प्रॉटेस्टंट पेटून उठले. २८ सप्टेंबर १९१२ ला त्यांचे नेते एडवर्ड कार्सन यांनी बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये विरोधाच्या करारनाम्यावर सही केली. पुरुषांचा करारनामा आणि स्त्रियांचं वेगळं प्रतिज्ञापत्र मिळून सह्या पावणेपाच लाखांच्या घरात गेल्या. जानेवारी १९१३ मध्ये याच लोकांतून अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स उभी राहिली. राजाशी एकनिष्ठ राहता यावं म्हणून राजाच्याच सरकारविरुद्ध शस्त्र धरायची तिची तयारी होती.

शस्त्रं मात्र नव्हती. कवायतीला कित्येकांच्या खांद्यावर लाकडी बंदुका असत. मार्टिनी इथे येते.

१८७१ साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री एका वेळी एकच काडतूस घेते. चापामागचा लोखंडी दांडा खाली ओढला की आतला ठोकळा झुकतो आणि काडतुसाची जागा उघडी पडते. काडतूस सरकवायचं, दांडा वर घ्यायचा, चाप ओढायचा. पुढे धूर न करणाऱ्या दारूचं बारीक .३०३ काडतूस आलं. आपल्याकडच्या पोलिसांनी जे 'थ्री नॉट थ्री' इतकी वर्षं वागवलं, तेच हे. मग जुन्या मार्टिनींना नवी नळी बसवून त्या .३०३ केल्या गेल्या, त्यांना मार्टिनी-एन्फिल्ड म्हणतात. तोफेवरच्या गोलंदाजाला लांब बंदुकीची अडचण होते, म्हणून त्याच्यासाठी आखूड घडवली ती आर्टिलरी कार्बाइन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेत दहा गोळ्यांची ली-एन्फिल्ड रुळली आणि एका गोळीची मार्टिनी मोडीत निघाल्यासारखी व्यापाऱ्यांकडे गेली. अल्स्टरच्या लोकांना ती परवडणारी होती.

आता एक महत्त्वाची खूण. विकणारा तुम्हाला 'लार्नची बंदूक' म्हणत असेल तर तिथेच थांबा. डिसेंबर १९१३ मध्ये सरकारने आयर्लंडात शस्त्रं आणायला बंदी घातली, त्यावर अल्स्टरने काढलेला तोडगा म्हणजे लार्न. संघटनेच्या फ्रेड क्रॉफर्ड याने हँबर्गच्या ब्रूनो स्पिरो या व्यापाऱ्याकडून माल उचलला आणि २४ एप्रिल १९१४ च्या रात्री 'क्लाइड व्हॅली' या मालवाहू बोटीने तो लार्नच्या धक्क्याला आणला. बोटीचं नाव झाकून वर 'माउंटजॉय' असं नाव लावलं होतं, १६८९ च्या डेरीच्या वेढ्यात अडसर फोडणाऱ्या गलबताचं. लार्न, बँगोर आणि डोनाघडी या तीन बंदरांत मिळून सुमारे २५ हजार रायफली उतरल्या आणि उजाडायच्या आत मोटारींतून गावोगाव पांगल्या. पण त्या मालात मुख्यतः ऑस्ट्रियन मानलिखर, जर्मन मॉडेल ८८ आणि इटालियन वेटर्ली होत्या, सगळ्या लांब रायफली. मार्टिनी कार्बाइन अल्स्टरने इतर वाटांनी जमवलेल्या. नावाजलेल्या घटनेला नसलेली वस्तू चिकटवणं ही या बाजारातली सगळ्यात जुनी लबाडी आहे.

छाप तपासायचा तो असा. तो लाकडात दाबून उमटवलेला असतो. शंभर वर्षांत दस्त्यात तेल, घाम आणि धूळ मुरते, ती छापाच्या खाचांतही तशीच काळवंडून मुरलेली हवी. भिंग घ्या आणि छापावरून गेलेला एखादा जुना ओरखडा शोधा. ओरखड्याने छापाची रेघ खरवडली असेल तर छाप आधीचा. उलट ओरखड्याच्या तळाशीही छापाची रेघ स्पष्ट दाबलेली दिसली, तर ओरखडा जुना आणि छाप नंतरचा. छापाच्या कडा बोटाला तीक्ष्ण लागतात का पाहा. छापाभोवतीचंच लाकूड घासून उजळ केलेलं असेल तर मला ते अजिबात आवडत नाही. एवढ्यावर न थांबता लोखंडावरच्या खुणा वाचा : मुकुट, कारखान्याचं नाव, साल, बंदुकीची जात. दोन बाणाग्रं टोकाला टोक भिडवून ठोकलेली दिसली तर ती बंदूक सरकारी साठ्यातून रीतसर विकली गेल्याची खूण आहे. व्यापाऱ्यामार्फत अल्स्टरला गेलेल्या मार्टिनीवर ती असणं जुळतं. उलटही लक्षात ठेवा. संघटनेची प्रत्येक बंदूक छापली गेलेली नव्हती. त्यामुळे छाप नाही म्हणजे बंदूक अल्स्टरची नाहीच, असंही म्हणता येत नाही.

सगळं जुळलं तरी मी छापापेक्षा कागद मागेन. शेतजमीन घेताना आपण सातबारा फेरफारांसकट बघतो, तसं या बंदुकीचं बघायचं : कुणाच्या घरातून निघाली, त्याच्याआधी कुणाकडे होती, पावती आहे का, जुना फोटो आहे का. घराण्याचं नाव सांगितलं गेलं तर पडताळायची सोय आहे. उत्तर आयर्लंडच्या सरकारी अभिलेखागाराने करारनाम्यावरच्या सह्या नावानिशी शोधता येतील अशा खुल्या केल्या आहेत, आणि १९११ ची आयर्लंडची शिरगणतीही घराघरानुसार मोफत बघता येते. पणजोबा व्हॉलंटियर होते असं सांगणाऱ्याच्या पणजोबांची सही तिथे सापडते का, हे अर्ध्या तासात कळतं. सही सापडली म्हणून बंदूक त्यांचीच ठरत नाही. पण ती नसेल तर पुढचा प्रश्न विचारायला आधार मिळतो.

जावईबापूंनी माझं ऐकलं तर छाप नसलेली कार्बाइन घ्यावी. तीही त्याच कारखान्यातली, त्याच बनावटीची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी खोटं बोललेलं नाही.

एक गोष्ट मात्र बेलफास्टमध्ये राहताना विसरू नये. १९६६ पासून याच नावाने वावरलेली निमलष्करी संघटना निराळी आहे. तिने जुनं नाव आणि जुनी चिन्हं उचलली आणि पुढच्या काही दशकांत शेकडो माणसं मारली. तो पंजा दिवाणखान्यात टांगला तर घरी येणाऱ्या पाहुण्याला १९१३ आठवेलच असं नाही. त्याच्या घरातलं माणूस त्या छापाच्या नावावर गेलेलं असू शकतं. मी त्यांच्या जागी असलो तर बंदूक कपाटात ठेवेन आणि ज्याला खरोखर बघायची आहे त्यालाच दाखवेन.

प्रश्न : 'रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी कार्बाइन' ही बंदूक आयआरएशी जोडून विकली जाते. पोलिसांचं हत्यार बंडखोरांचं कसं झालं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोलिसांकडून काढून घेऊन. उरलेल्या उत्तरात फक्त तपशील आहे, पण तो समजून घेण्यासारखा आहे.

लंडनचा पोलीस शिपाई निःशस्त्र फिरत असे. आयर्लंडचा पोलीस मात्र कार्बाइन आणि संगीन बाळगणारा, ठाण्याऐवजी 'बॅरॅक'मध्ये राहणारा अर्धा शिपाई होता. हे दल १८३६ साली एकसंध झालं, आणि १८६७ चा फेनियनांचा, म्हणजे आयरिश बंडखोरांचा, उठाव मोडल्याबद्दल त्याला 'रॉयल' किताब मिळाला. त्याचा साचा आपल्याकडेही आला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथलं पोलीस दल याच आयरिश धर्तीवर उभारलं, आणि १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. लष्कराहून वेगळं पण लष्करासारखं शिस्तबद्ध पोलीस दल ही कल्पना आपल्या प्रांतात शिरली ती या वाटेने.

या दलाच्या हातात आधी स्नायडर, मग मार्टिनी आणि शेवटी ली-एन्फिल्ड कार्बाइन आली. ही शेवटची संग्राहकांची विशेष लाडकी. मुळात ती घोडेस्वारांची कार्बाइन, नळी जेमतेम २१ इंचांची, सहा गोळ्यांचं मॅगझिन. घोडेस्वाराला संगीन लागत नाही, म्हणून तिला संगीन लावायची सोयच नव्हती. पोलिसांना मात्र संगीन हवी होती. मग १९०३ च्या पुढे एन्फिल्डच्या कारखान्यात या कार्बाइनींच्या तोंडाकडचा भाग बदलला. नळी बारीक पडत होती, म्हणून टोकाला कडं चढवून ती जाड केली आणि १८८८ च्या नमुन्याची संगीन बसेल असं नवं टोपण लावलं. हातात घेतलीत तर नळीच्या टोकाचं ते कडं आधी पाहा. बाकीची कार्बाइन सडपातळ आणि तोंडाशीच जाडी आलेली. एखाद्याने साधी घोडेस्वारी कार्बाइन पोलिसांची म्हणून खपवली तर तिथेच पकडली जाते.

२१ जानेवारी १९१९. डब्लिनमध्ये आयर्लंडच्या स्वतंत्र संसदेची, म्हणजे डॉइलची, पहिली बैठक भरली होती. त्याच दिवशी टिपरेरी परगण्यात सोलोहेडबेग इथे खाणीकडे निघालेल्या जेलिग्नाइटच्या गाडीवर पहारा देणाऱ्या दोन पोलिसांना डॅन ब्रीन, शॉन ट्रेसी आणि त्यांच्या साथीदारांनी गोळ्या घातल्या. स्फोटकं गेली आणि पोलिसांच्या बंदुकाही गेल्या. दोघेही शिपाई आयरिश आणि कॅथलिक होते. पुढची अडीच वर्षं हेच चालू राहिलं. बंडखोरांकडे बाहेरून येणारी शस्त्रं थोडी होती, आणि आडगावातलं चारपाच पोलिसांचं बॅरॅक हे त्यांचं सगळ्यात जवळचं कोठार. अखेर सरकारने असली लहान बॅरॅकं रिकामी केली, आणि १९२० च्या ईस्टरला आयआरएने त्यांतली शेकडो एका झपाट्यात जाळून टाकली. एकच कार्बाइन १९१८ मध्ये शिपायाच्या खांद्यावर, १९२० मध्ये त्याच्यावर रोखलेली, असं घडत होतं. दल १९२२ मध्ये बरखास्त झालं.

म्हणून पोलिसांच्या खुणा असलेली कार्बाइन आयआरएची असू शकते. पण 'असू शकते' यावर पैसे मोजू नयेत. लुटलेल्या बंदुकीवर लुटणारा आपली खूण ठोकत बसत नाही. इथे पुरावा लागतो तो माणसांच्या शब्दांचा, आणि तो आयर्लंडने जपून ठेवला आहे. १९४७ ते १९५७ या काळात तिथल्या लष्करी इतिहास विभागाने त्या लढ्यातल्या स्त्री-पुरुषांच्या १,७७३ जबान्या घेतल्या, कित्येक दशकं कुलपात ठेवल्या आणि २००३ साली सगळ्यांना खुल्या केल्या. कोणत्या रात्री कुठल्या बॅरॅकवर किती जण गेले, किती बंदुका हाती लागल्या, हे त्यांत माणसांनी स्वतः सांगितलं आहे. निवृत्तिवेतनासाठी केलेले त्यांचे अर्जही आहेत. विकणारा अमुक गावच्या अमुक तुकडीचं नाव घेत असेल, तर आधी ती जबानी काढून वाचा. आठवणी तीस वर्षांनी सांगितलेल्या आहेत, त्यामुळे आकडे फुगलेले असतात, कुणी आपला वाटा मोठा करतो. तरी गाव, महिना आणि माणसं सहसा जुळतात.

माझ्या मते या सबंध छंदातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. या जबान्या वाचायला बंदूक विकत घ्यावी लागत नाही.

प्रश्न : 'हाउथ मॉझर' म्हणजे काय? ती कार्बाइन आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. हाउथ मॉझर ही चांगली साडेचार फुटांजवळ जाणारी लांब जर्मन रायफल, मॉझर कंपनीची १८७१ ची. एका वेळी एक गोळी, काळी दारू, ११ मिलिमीटरच्या जाडजूड शिशाच्या गोळीचं काडतूस. १९१४ साली ती फौजांच्या दृष्टीने भंगारात जमा झालेली होती.

अल्स्टरने लार्नला केलं त्याला उत्तर म्हणून दक्षिणेतल्या आयरिश व्हॉलंटियर्सनीही हँबर्गमधूनच माल घेतला. एकूण १,५०० रायफली. त्यांतल्या ९०० एर्स्किन चाइल्डर्स आणि त्यांची पत्नी मॉली यांनी आपल्या 'आसगार्ड' या शिडाच्या बोटीत कोंबून आणल्या आणि २६ जुलै १९१४ ला डब्लिनजवळच्या हाउथच्या धक्क्यावर भर दुपारी उतरवल्या. उरलेल्या ६०० आठवडाभरात किलकूलला उतरल्या. हाउथच्या दिवशी संध्याकाळी डब्लिनच्या बॅचलर्स वॉक रस्त्यावर सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसं मेली. लार्नसह तीन बंदरांत २५ हजार रायफली उतरल्या तेव्हा कुणी बोट उचललं नव्हतं, हा फरक लोकांच्या मनात खोल रुतला. दोन वर्षांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टरच्या उठावात याच मॉझर बंडखोरांच्या हातात होत्या.

चाइल्डर्स यांचा शेवट सांगायलाच हवा. ब्रिटनशी झालेल्या तहावरून पेटलेल्या यादवी युद्धात ते तहाविरोधकांच्या बाजूला राहिले. आयरिश फ्री स्टेटच्या सैनिकांनी त्यांना पकडलं तेव्हा त्यांच्याजवळ एक लहानसं पिस्तूल होतं, कधीकाळी आयरिश नेते मायकल कॉलिन्स यांनी भेट दिलेलं. ते बेकायदा बाळगल्याबद्दल २४ नोव्हेंबर १९२२ ला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

संग्राहकाची पंचाईत अशी की हाउथच्या मॉझरवर आयर्लंडची कसलीच ठरलेली खूण नाही. आहेत त्या जर्मन कारखान्यांच्या आणि पलटणींच्या. आणि १८७१ ची मॉझर जगभर लाखांनी विकली गेली. म्हणजे कागद नसेल तर ती फक्त एक जुनी जर्मन रायफल, मग विकणारा काहीही सांगो. खरी बघायची असेल तर डब्लिनच्या कॉलिन्स बॅरॅक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. 'आसगार्ड' बोटही तिथे जतन करून ठेवली आहे, आणि तिची लहानशी कूस बघितल्यावर ९०० रायफली आणि माणसं आत कशी मावली याचं नवल वाटतं.

कायद्यातली एक गंमत जाता जाता. ब्रिटनमध्ये ११ मिलिमीटरचं हे काडतूस कालबाह्य मानलं जातं, त्यामुळे हाउथसारखी मॉझर केवळ शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते. मार्टिनी-एन्फिल्ड वयाने तिच्या जवळपासची, पण तिचं .३०३ अजून बाजारात मिळतं. म्हणून तिला परवाना तरी हवा, नाहीतर ती कायमची निकामी करून घेतल्याचा दाखला तरी. उत्तर आयर्लंडचा शस्त्र कायदा स्वतंत्र आहे, तेव्हा तिथे राहणाऱ्याने खरेदीआधी तिथल्या पोलिसांच्या शस्त्र विभागाकडून लेखी उत्तर घ्यावं.

उत्तर आयर्लंडमधल्या १९६९ नंतरच्या संघर्षातल्या हत्यारांबद्दलही दोघांनी विचारलं आहे. ती जमवायच्या फंदात पडू नका. ती अजून गुन्ह्यांचा पुरावा आहेत, मेलेल्यांची मुलं आणि बायका हयात आहेत. मी त्यावर या सदरात उत्तर देणार नाही.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर मार्टिनीसारखी एक बंदूक सापडली. बाजूला मुकुट, 'एन्फिल्ड' आणि १८८० च्या आसपासचं साल आहे. ती आयर्लंडची असेल का? काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेला आहे. सरकारी कारखाना तिथे होता, त्यामुळे या नावाचा आयर्लंडशी संबंध नाही. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, असं सरकारी धोरण होतं. गोऱ्यांनी मार्टिनी खाली ठेवली तेव्हा ती आपल्या शिपायांकडे आली आणि पुढे संस्थानं, पोलीस, वाडे अशी पसरली. अक्षरं भिंगाखाली नीट वाचा. 'एन्फिल्ड'मधला इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला असेल तर ती वायव्य सरहद्दीवर हातोड्याने घडवलेली नक्कल आहे. तिथले कारागीर इंग्रजी न वाचता खुणा उतरवून घेत.

पण आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुनाट किंवा पुरातन आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला. तुमची बंदूक तशी आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. ती .३०३ ला बदललेली निघाली तर आणखी अडचण : .३०३ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. बंदूक भरलेली आहे असं समजून वागा. दांडा ओढू नका, नळी कुणाकडे करू नका, साफ करायला घेऊ नका. आहे तिथे ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, कुठे, कधी आणि कुणासमोर सापडली ते तारखेसह लिहा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बंदूक बरोबर घेऊन ठाण्यात जाऊ नका, पंचनाम्याला त्यांनाच वाड्यावर येऊ द्या.